एकच दर हवा, तर तो शेअरच्या नफ्यालाही लावा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

प्राप्तिकराचे टप्पे रद्द करून सर्वांना सरसकट १५ टक्के कर लावावा, अशी मागणी करणारे पत्र आपल्या अंकात वाचले. विवरणपत्र भरायला आमच्याकडे येणारे कितीतरी जण हेच म्हणतात. ऐकायला बरे वाटते, पण कागद-पेन घेऊन बसले की गंमत कळते.

२०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत दहा लाख करपात्र पगार असणाऱ्याला कलम ८७अ च्या सवलतीमुळे एक रुपयाही कर नाही. सरसकट १५ टक्के लावले तर त्याच्या खिशातून दीड लाख जातील. सोळा लाखवाला आज उपकर (करावर लागणारा जादा आकार) सोडून १ लाख २० हजार भरतो, त्याचे २ लाख ४० हजार होतील. आणि एक कोटीवाला? अधिभार (मोठ्या उत्पन्नवाल्यांच्या करावर लागणारा आणखी एक आकार) आणि उपकर धरून तो आज सुमारे साडेएकोणतीस लाख भरतो. तो पंधरा लाखांत सुटेल! पहिले चार लाख करमुक्त ठेवू म्हणाल, तरी दहा लाखवाल्याला ९० हजारांचा फटका आहेच.

टप्पा ओलांडला की सगळ्याच पगारावर वरचा दर लागतो, हा गैरसमज तर चांगल्या शिकलेल्यांतही आढळतो. ३० टक्के लागतात ते फक्त २४ लाखांवरच्या रकमेला.

चढते दर कधी डोईजड झाले नाहीत असे नाही. १९७३-७४ मध्ये अधिभारासह सर्वोच्च दर पावणेअठ्ठ्याण्णव टक्के होता. तो वेडेपणाच होता. पण म्हणून टप्पेच नकोत? रशियाने २००१ मध्ये १३ टक्क्यांचा एकच दर आणला आणि जगभर त्याचे दाखले दिले गेले. त्याच रशियात २०२५ पासून १३ ते २२ टक्के असे पाच टप्पे आहेत. स्लोव्हाकियानेही २०१३ मध्ये एकच दर सोडला. एस्टोनियात तो टिकून आहे, हे मान्य.

एकच दर असला की हिशेब सोपा होईल, हा सुटसुटीतपणाचा मुद्दाही मला पटत नाही. टप्प्यांचा हिशेब पोर्टल क्षणात करून देते. आमचा वेळ खातात ते उत्पन्नाचे प्रकार, आणि खरा अन्यायही तिथेच आहे. २४ लाखांच्या वर पगार असलेल्या इंजिनिअरने आणखी एक लाख कमावले तर त्यावर ३० टक्के. सूचिबद्ध शेअर वर्षभराहून जास्त ठेवून विकले, तर सव्वा लाखांपर्यंतचा नफा माफ आणि पुढे कितीही कोटी असोत, साडेबारा टक्के. म्हणजे सपाट दर आपल्याकडे आहेच, फक्त तो घाम न गाळता आलेल्या पैशाला आहे. समानता हवी असेल तर आधी ही दरी बुजवा. (शेतीच्या उत्पन्नाचे काय, असे कोणी विचारेलच. त्याला वेगळे पत्र लागेल.)

दुसऱ्या टोकाला आपल्या राज्याचा व्यवसाय कर पाहा. इथे तर दरही नाही, रक्कमच सारखी. महिना अकरा हजार मिळवणारा सुरक्षारक्षक आणि अकरा लाख घेणारा कंपनीचा संचालक, दोघांचेही वर्षाला अडीच हजारच कापले जातात. वरची मर्यादा वाढवणे राज्याच्या हातात नाही. १९८८ च्या घटनादुरुस्तीपासून ती अनुच्छेद २७६ मध्ये अडीच हजारांवरच अडकली आहे. पण खालच्यांना वगळणे राज्याला शक्य आहे. महिलांना २५ हजारांपर्यंतच्या मासिक पगारावर हा कर २०२३ पासून माफ आहे. तीच सूट पुरुष कामगारांनाही द्यायला मुंबईतल्या सरकारला दिल्लीची वाट पाहावी लागत नाही.

— एक करसल्लागार, सांगली