‘आमचं काही म्हणणं नाही, फक्त...’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतली विनोदी प्रेमकथा वाचली. ठाण्यात घडते म्हणून जरा जास्तच बारकाईने वाचली. मुलगी नौपाड्यातली, मुलगा नवी मुंबईचा. दोघं तलावपाळीवर भेटतात, भेळ खातात, पावसात भिजतात. इथवर छान. मग मुलीचा बाप ‘हे लग्न होणार नाही!’ म्हणून गरजतो, चौथ्या रकान्यात छातीत कळ येऊन आडवा होतो आणि शेवटच्या परिच्छेदात भावी जावयाने आणलेलं शहाळं पिता पिता त्याचा विरोध मावळतो. मी नौपाड्यात राहतो आणि दीड वर्षापूर्वी माझ्या मुलीचं लग्न घणसोलीच्या मुलाशी झालं. तेव्हा बापाच्या पक्षातर्फे चार शब्द लिहिणं भाग आहे.

मुळात गरजायची संधी आम्हाला मिळतच नाही. मुलगी तिशीला टेकलेली, पगार माझ्या पेन्शनच्या तिप्पट, रोज सकाळी ठाण्याहून पनवेल लोकल पकडून रबाळ्याला नोकरीला जाणारी. एका रविवारी चहाच्या वेळी ती म्हणाली, ‘बाबा, मी ठरवलंय.’ तिने विचारलं नव्हतं, कळवलं होतं. अशा मुलीसमोर गरजून करणार काय? म्हणून आजचा बाप म्हणतो, ‘आमचं काही म्हणणं नाही.’ मग चहाचा एक घोट घेतो आणि म्हणतो, ‘फक्त...’

सगळी गंमत त्या ‘फक्त’च्या पुढे असते, आणि आपले कथालेखक नेमके अलीकडेच थांबतात.

आमचं ‘फक्त’ असं होतं: सकाळचा मुहूर्त, ठाण्यातलाच हॉल, दीडशे पानं, दुपारी अडीचला किल्ल्या परत. हे घेऊन आम्ही घणसोली गावात बोलणी करायला गेलो. घर आगरी, माणसं मोकळी, पाहुणचार भरपूर. व्याहीही म्हणाले, आमचं काही म्हणणं नाही. मुलाच्या आजी मात्र कोपऱ्यातून म्हणाल्या, ‘हलद गावानच.’ मी वही उघडून विचारलं, साधारण किती माणसं धरायची? व्याही म्हणाले, ‘गाव.’ मी पेन धरून आकड्याची वाट पाहत राहिलो. आकडा सांगून झाला होता.

पुढचे दोन महिने माझे दीडशे आणि त्यांचं गाव यांची बेरीज करण्यात गेले. आमच्या हिने हळदीला पाच सवाष्णी धरल्या होत्या. तिकडे मांडव, जेवणावळ, बेंजो आणि धवलारीण. धवलारीण म्हणजे कोण, हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळलं. आगरी लग्नात धवले गाणारी बाई. त्या गाण्यांवर लग्नाचे विधी पुढे सरकतात. आम्ही ठरवलेल्या गुरुजींना हे सांगितलं, तर त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘मग मी कधी थांबायचं, ते कोण सांगणार?’ आता सांगा, विनोदी कथेला यापेक्षा जास्त काय लागतं? आणि यात कुणालाही इस्पितळात घालावं लागत नाही.

दुसरी तक्रार जरा अवघड आहे. या कथांत कुणालाच आडनाव नसतं. नायक-नायिकेला झोकदार नावं असतात, आईवडिलांना आई आणि बाबा म्हटलं की भागतं. आमच्या घरी मुलीने मुलाचं नाव सांगितल्यावर माझा पहिला प्रश्न होता, ‘आडनाव काय?’ नोकरी, स्वभाव, घरी कोण कोण, हे सगळं नंतर. लिहिताना लाज वाटते, पण छापा. तिने आडनाव सांगितलं. त्यानंतर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. हिने बिस्किटांचा डबा उघडला आणि काही न काढता पुन्हा लावला. ही दोन मिनिटं मला आजवर कुठल्या विनोदी प्रेमकथेत भेटलेली नाहीत. लेखक आडनावं गाळतात, म्हणजे बापाच्या विरोधाचं खरं कारणच गाळतात. मग तो बिचारा नुसता ओरडतो, कारण त्याला करायला दुसरं काही ठेवलेलं नसतं.

पूर्वी असं नव्हतं. देवलांचं ‘संगीत शारदा’ 1899 सालचं. आमच्या ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय तेव्हा सहा वर्षांचं होतं. त्या नाटकातल्या कांचनभटाला, म्हणजे शारदेच्या बापाला, काय हवं असतं? पैसा. त्यासाठी तो पोरीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो. हे स्वच्छ दिसतं, म्हणून त्याचा संतापही येतो आणि हसूही येतं. आणि ते लग्न मोडतं कशाने? बापाचं काळीज द्रवल्याने नव्हे. वधूवर सगोत्र निघतात, म्हणून! देवलांनी बापाला सुधारण्याच्या भानगडीत न पडता त्याच्याच शास्त्राने त्याला अडवलं. सव्वाशे वर्षांनी आपण शहाळ्यावर आलो.

जाता जाता एक तांत्रिक चूक. कथेतली दोघं विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं म्हणून सकाळी कचेरीत जातात आणि दुपारी दोन मित्रांच्या साक्षीने लग्न उरकून बाहेर पडतात. त्या 1954च्या कायद्यात तीस दिवसांची नोटीस आहे, ती कचेरीत लावली जाते आणि साक्षीदार तीन लागतात. लेखकाने त्यांना आळंदीला पाठवलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण चुकीपेक्षा हळहळ मोठी. तीस दिवस ती नोटीस भिंतीवर आहे, दुसऱ्याच कामासाठी मुलीचा मामा त्या कचेरीत गेलाय, रांग हलत नाही आणि वेळ जात नाही म्हणून तो भिंतीवरचे कागद वाचायला लागलाय. हाताशी आलेली एवढी मोठी जागा लेखकाने सोडून दिली!

हे पत्र मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बाबा, तुम्ही बिस्किटांच्या डब्याचं लिहिलंत, पण त्याआधी माझ्या हातातला कप काढून घेतलात ते गाळलंत. ते खरं आहे. का काढून घेतला ते मला अजून सांगता येत नाही. चहा संपला नव्हता.

आपला,
एक नियमित वाचक, नौपाडा, ठाणे

(नाव छापू नये. व्याही आपलाच पेपर घेतात.)