मालकांचा देव?

चि. योहान यास,
पप्पांचा सप्रेम सलाम.

फोनवर तू विचारलंस त्याचं उत्तर दोन मिनिटांत देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो. रूममेटबरोबर तू त्यांच्या काळ्या लोकांच्या मंडळीत उपासनेला गेलास, गाणी ऐकून भारावलास, आणि बाहेर आल्यावर तुला वाटलं, ज्यांनी यांना साखळदंड घातले त्यांचाच देव यांनी कसा काय घेतला?

हाच प्रश्न हॉवर्ड थर्मन या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पाळकांना कोलंबोत एका वकिलाने तोंडावर विचारला होता. ते १९३५-३६ मध्ये हिंदुस्थान आणि सिलोनच्या दौऱ्यावर आले होते. तुमच्या माणसांना विकणारे ख्रिस्ती, झाडाला लटकवणारेही ख्रिस्ती, मग तुम्ही त्यांच्या बाजूने इथे कसे? थर्मन यांना हा प्रश्न आयुष्यभर पुरला. येशू रोमच्या टाचेखालचा गरीब यहुदी होता, तेव्हा दबलेल्यांनी त्याचं ऐकायचं नाही तर कुणाचं, असं ते पुढे मांडत राहिले. त्याच दौऱ्यात बारडोलीला ते गांधीजींना भेटले. निघण्याआधी गांधीजींनी त्यांच्याकडून एक गाणं मागून घेतलं, माझ्या प्रभूला खिळलं तेव्हा तू तिथे होतास का, हे.

पण मला थर्मनपेक्षा त्यांची आजी मोठी वाटते. तिचा जन्म गुलामीत झालेला, तिला वाचता येत नव्हतं. नातू तिला पवित्र शास्त्र वाचून दाखवायचा, पण पौलाची पत्रं काढली की ती बहुधा थांबवायची. मळ्यावर मालकाचा गोरा उपदेशक यायचा आणि दरवेळी पौलाचं तेच वचन काढायचा, ‘दासांनो, आपल्या धन्यांच्या आज्ञेत राहा.’ म्हातारीने तेव्हाच ठरवलं होतं, की सुटका झाली तर हा भाग पुन्हा वाचायचा नाही. कधीमधी गुलामांपैकीच एखादा उपदेश करी. तो सांगे, तुम्ही गुलाम नाही, देवाची लेकरं आहात. एकाच पुस्तकातून दोन उपदेश निघाले, आणि त्यातला खरा कोणता हे एका निरक्षर बाईने ओळखलं. आता सांग, तिने मालकांचा देव घेतला का?

मालकांनाही ही भीती होतीच. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी एक बायबल छापलं गेलं. जुन्या कराराचा सुमारे नव्वद टक्के भाग त्यातून काढलेला! मोशे आपल्या लोकांना मिसरातून सोडवून नेतो ते नाही. दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, हे गलतीकरांस पत्रातलं वचनही नाही. धन्याचं ऐकावं, ते मात्र ठेवलेलं. पुस्तक त्यांचंच असतं तर ते असं कापावं लागलं नसतं.

आणि गोऱ्यांकडून घेतलं म्हणजे तरी काय? फिलिप्पाला भेटतो तो हबशी अधिकारी नव्या करारात, प्रेषितांच्या कृत्यांतला आहे. आजच्या इथिओपियातल्या अक्सुमचा राजा एझाना चौथ्या शतकात ख्रिस्ती झाला, तेव्हा उत्तर युरोपात बहुतेक ठिकाणी अजून सुवार्ता पोचायची होती.

आपल्यालाही ‘साहेबाचा धर्म घेतला’, ‘बाटगे’ असं ऐकवतात, म्हणून तुझा प्रश्न मला जवळचा आहे. त्यातून आपण शरणपूरचे. अरबांच्या गलबतांवरून इंग्रजी आरमाराने सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईमार्गे आपल्या इथेच, नाशकात, मिशनने ठेवली होती. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिका धुंडाळणाऱ्या लिव्हिंगस्टन या मिशनऱ्याबरोबर गेला. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा झाडाखाली अंत्यविधीचं वाचन त्याने केलं, आणि वर्षभराने वेस्टमिन्स्टर अॅबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत तोही होता. नाशकाहून गेलेले बरेच जण मोंबासाजवळच्या फ्रेअरटाउनमध्ये राहिले, शिक्षक झाले, पाळक झाले, आणि गोऱ्या मिशनऱ्यांशी त्यांचे खटकेही उडाले. मिशनने त्यांची मूळ नावं पुसली, याचं मला वाईट वाटतं. ते झाकून ठेवायचं कारण नाही.

तू फिलाडेल्फियात आहेस, तेव्हा सिक्स्थ स्ट्रीटवरच्या मदर बेथेल चर्चला जाऊन ये. रिचर्ड अॅलन जन्माने गुलाम, त्याने स्वतःची सुटका विकत घेतली. गोऱ्यांच्या मेथडिस्ट मंडळीत त्याचा सोबती अॅब्सलम जोन्स गुडघे टेकून प्रार्थना करत असताना त्याला ओढून उठवलं गेलं, तेव्हा ते सगळे बाहेर पडले. १७९४ मध्ये स्वतःची बेथेल उभी राहिली, १८१६ मध्ये स्वतंत्र पंथ. अॅलनची कबर तिथे तळघरात आहे. रविवारी गेलास तर उपासना संपेपर्यंत बस, घड्याळ बघू नकोस, आपल्यासारखी तासात आटपत नाही. रूममेटच्या आईला माझा सलाम सांग. आईने चिवडा पाठवलाय, अर्धा तिला दे.

तुझे,
पप्पा