रीळ न चालवल्याबद्दल आभार

जुन्या चित्रफितींचे जतन करणाऱ्या आदरणीय महोदया,

सप्रेम नमस्कार.

जंगलतोडीविरुद्धच्या एका जुन्या चळवळीत काढलेल्या, आमच्याकडच्या १६ मिलिमीटरच्या रिळांचे स्कॅनिंग पूर्ण झाल्याचे आपण कळवलेत, त्याला महिना होऊन गेला. फोनवर आभार मानले होते. तरीही हे पत्र उघडपणे लिहीत आहे, कारण आपण नेमके काय केलेत हे अशी रिळे कपाटात बाळगून असलेल्या इतरांनाही कळावे, अशी इच्छा आहे.

पहिल्या भेटीत मी आपल्याकडे मागितले होते ते अगदीच वेगळे. चळवळीचा स्मरणसोहळा तोंडावर आला होता आणि त्यात ही रिळे पडद्यावर दाखवण्यासाठी चालू स्थितीतला एखादा प्रोजेक्टर मिळवून द्यावा, एवढीच विनंती होती. आपण एका डब्याचे झाकण उघडलेत, वास घेतलात आणि सरळ नकार दिलात. तो आंबट वास आमच्या वर्षानुवर्षांच्या ओळखीचा होता. तो कपाटाचाच असावा, असे आम्ही धरून चाललो होतो. ॲसिटेट या प्लॅस्टिकच्या फिल्मचा पाया उष्णतेने आणि दमट हवेने विघटित होऊ लागला की त्यातून ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल, बाहेर पडते, ते पुढच्या विघटनाला आणखी वेग देते आणि शेजारच्या धडधाकट रिळांनाही बाधा पोचवते, हे आपण शांतपणे समजावून सांगितलेत. आकसलेल्या फिल्मच्या कडेच्या छिद्रांमधले अंतर कमी झालेले असते, प्रोजेक्टरचे दाते मात्र ठरल्या अंतरावरच फिरतात. म्हणजे सोहळ्याच्या पहिल्या काही मिनिटांतच आमची रिळे फाटली असती. शिवाय ही रिव्हर्सल फिल्म होती. कॅमेऱ्यातून निघाली तीच एकमेव प्रत, निगेटिव्ह नाहीच. इतके सगळे ऐकूनही मी त्या दिवशी नाराज होऊन निघालो होतो, हे आज कबूल करतो.

त्यानंतर प्रत्येक डब्यात आम्लाचे प्रमाण दाखवणारी निळी पट्टी ठेवणे, ती किती पिवळी पडली यावरून कामाचा क्रम ठरवणे, गंजलेले डबे बदलणे, सुटलेले सांधे पुन्हा जोडणे आणि दात्यांचा ताण न देता फिल्म पुढे सरकवणाऱ्या स्कॅनरवर एकेक चौकट टिपणे, हे सर्व आपल्या नेहमीच्या पद्धतीने झाले. मला चित्राची घाई होती. आपण मात्र आवाजाची रिळे आधी हाती घेतलीत, कारण चुंबकीय ध्वनिपट्टीवरचे लोहकण विघटनाला हातभार लावतात आणि ती रिळे आधी जातात. त्या हट्टामुळेच सभांमधली भाषणे आणि बायकांची गाणी आज ऐकू येतात.

रंगांविषयीची आपली भूमिका मात्र मला पटायला वेळ लागला. या फिल्ममधला सायन, म्हणजे निळसर-हिरवा, रंग आधी उडून गेल्यामुळे ज्या जंगलाच्या हिरवेपणासाठी माणसे उभी राहिली, ते जंगल पडद्यावर लालसर दिसत होते. ते गर्द हिरवे करून द्यावे, असा आमचा आग्रह होता. उरलेल्या रंगांवरून जेवढे खात्रीने सांगता येते तेवढेच आपण दुरुस्त केलेत आणि मूळ लालसर स्कॅनही शेजारी जपून ठेवलात, कारण उद्या कोणी ही दृश्ये त्या काळच्या जंगलाचा पुरावा म्हणून पाहील, तेव्हा आम्ही आवडीने भरलेली हिरवाई त्याची दिशाभूल करील.

पुराव्याचा हाच विचार आपण संकलनात गाळलेल्या तुकड्यांनाही लावलात. आम्ही फक्त तयार माहितीपट वाचवा म्हणत होतो, आणि आम्ही टाकाऊ समजलेले सगळे तुकडे आपण मागवून घेतलेत. तोडीसाठी खुणा केलेली झाडे एकामागून एक दाखवणारे लांबलचक दृश्य त्यांतच सापडले. माहितीपटात ते जेमतेम तीन सेकंद आहे. उत्तर प्रशांत महासागरात १९७५ साली ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेच्या रबरी बोटींवरून टिपलेली व्हेलच्या शिकारीची दृश्ये दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोचली आणि १९८२ साली आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने व्यापारी शिकारीवर स्थगिती आणण्याचा जो निर्णय घेतला, त्यामागच्या जनमतात त्या दृश्यांचाही वाटा होता. याउलट २६ मार्च १९७४ रोजी चिपको आंदोलनात आजच्या उत्तराखंडातल्या रैणी गावात गौरा देवींनी आणि त्यांच्या सोबतच्या स्त्रियांनी झाडे वाचवली, त्या दिवसाची कहाणी आपण मुख्यतः आठवणींमधूनच ऐकत आलो आहोत. आमच्याकडे चित्र होते आणि ते आम्ही आंबू दिले होते.

चौकटीत दिसणारी माणसे कोण, हे विचारून घेण्याचे कामही आपण आम्हाला लावलेत. कंटाळवाणे वाटले होते. पण वृद्ध मंडळींसमोर दृश्ये थांबवून थांबवून दाखवली, तेव्हा केवळ ‘आंदोलक महिला’ अशी नोंद असलेल्या कितीतरी चेहऱ्यांना नावे मिळाली. ज्यांनी नाव देऊ नये असे सांगितले, त्यांचे नाव नोंदवहीत रिकामे ठेवावे, हेही आपणच बजावलेत.

संगणकीय प्रती तीन करून त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी ठेवली आहे आणि फायली जशाच्या तशा आहेत का, हे दरवर्षी तपासण्याची जबाबदारी आमच्यातल्या एका तरुण सहकाऱ्याने घेतली आहे. मूळ रिळे आपल्या थंड, कोरड्या दालनातच राहू द्यावीत, अशी विनंती आहे. स्कॅन झाले म्हणजे ती फेकायची नसतात, हे आता आम्हाला सांगावे लागणार नाही.

एक राहिले. जुन्या पेटीत आणखी दोन डबे सापडले आहेत. वास येतो आहे. ते उघडलेले नाहीत, आडवे ठेवले आहेत आणि बाकीच्यांपासून वेगळे केले आहेत. आपण म्हणाल त्या दिवशी घेऊन येतो.

आपला कृतज्ञ,
चळवळीच्या चित्रफिती सांभाळणारा एक कार्यकर्ता