माळ्यावरचे उदमांजर आणि आपले 'धाडसी तरुण'

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात तिसऱ्या पानावर 'रामबागेतील वाड्यात शिरला कबर बिज्जू, धाडसी तरुणांनी केला रेस्क्यू' या मथळ्याखाली, चार कॉलमी छायाचित्रासह, प्रसिद्ध झालेली बातमी वाचली. आपल्या वार्ताहराच्या तत्परतेचे कौतुक करायला हवे, कारण त्या बातमीत रामबाग हे ठिकाण अगदी अचूक दिलेले आहे. बाकीच्या मजकुराविषयी मात्र असे म्हणता येत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

पहिली गोष्ट म्हणजे तो प्राणी वाड्यात 'शिरला' नव्हता. ती मादी होती आणि गेली दोन वर्षे तरी त्या वाड्याच्या माळ्यावर राहत होती. हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या नऊ जणांच्या गटाने तिच्या येण्याजाण्याची नोंद ठेवलेली आहे. या गटात महाविद्यालयात शिकणाऱ्या दोन मुली आहेत, एक दंतवैद्य आहेत, एक रिक्षाचालक आहेत आणि आयुष्यभर कोषागारात हिशेब तपासल्यामुळे नोंदवही मी सांभाळतो. आमच्या गटाला नाव नाही, फलक नाही, एकसारखे टी-शर्ट नाहीत. कदाचित त्यामुळेच त्याच गल्लीत बसलेले आम्ही आपल्या प्रतिनिधीच्या नजरेस पडलो नसू.

दुसरी गोष्ट, छायाचित्रातल्या पिंजऱ्यात जे दिसते ते उदमांजर आहे. 'कबर बिज्जू' हे नाव खरे तर हनी बॅजर नावाच्या, लांब नखांनी जमीन उकरणाऱ्या वेगळ्याच प्राण्याचे, आणि त्याच्याही बाबतीत कबरी उकरण्याच्या गोष्टी बहुतांशी सांगोवांगीच्या. उदमांजराची नखे झाडावर चढण्यासाठी असतात आणि त्याचा मुख्य आहार फळांचा. 'हा प्राणी प्रेते खातो' असे आपण ठळक अक्षरांत छापले आहे. आमच्या माहितीप्रमाणे रामबागेतल्या या मादीने मे महिन्यात खिरण्या, जून-जुलैत जांभळे आणि वर्षभर औदुंबर-पिंपळाची फळे खाल्ली, मध्ये मध्ये उंदीर खाल्ले. हे आम्हांला कसे कळले, तर ती मागच्या पत्र्यावर ठरलेल्या एकाच जागी विष्ठा टाकत असे. आमचे रिक्षाचालक मित्र दर रविवारी सकाळी ती गोळा करून चहाच्या गाळणीत धूत आणि बिया वेगळ्या करून कागदावर मांडत. ती गाळणी माझ्या घरची होती व माझ्या पत्नीने ती पुन्हा स्वयंपाकघरात येऊ दिली नाही, हा या संशोधनाचा एकमेव खर्च.

या बिया पोटातून जातात तरी मरत नाहीत, मागच्या परसात त्यांतली जांभळाची दोन रोपे उगवली आहेत. संध्याकाळी सव्वाआठच्या सुमारास ती कौलांच्या कडेने यायची, पन्हळीच्या तोंडाशी थबकायची, डोळ्यांभोवतीचा काळा पट्टा आमच्याकडे वळवून क्षणभर पाहायची आणि पावसाच्या पाइपावरून खाली उतरायची. ती गेल्यावर बोळात कुणीतरी बासमती शिजायला घातल्यासारखा वास रेंगाळत असे. पहिल्यांदा आम्ही शेजारच्या स्वयंपाकघरांतून चौकशी केली होती, हे आता सांगायला हरकत नाही.

वाड्याच्या मालकीणबाईंना हे सर्व ठाऊक होते. 'राहू दे, उंदीर कमी झालेत,' एवढेच त्यांचे म्हणणे होते. गेल्या महिन्यात माळ्यावरून बारीक आवाज येऊ लागले, तेव्हा पिल्ले असणार हे ओळखून वर कुणी जायचे नाही असे आम्ही ठरवले आणि आमच्यातल्या उत्साही दंतवैद्यांनाही आवरले. मालकीणबाई सध्या पुण्याला लेकीकडे आहेत. तेवढ्यात एका भाडेकरूने हे 'धाडसी तरुण' बोलावले. त्यांनी परवा रात्री पिंजरा लावला, मादी पकडली, हारतुरे नव्हते एवढेच, बाकी सर्व सोहळा मोबाइलवर चित्रित केला आणि तिला शहराबाहेरच्या जंगलात नेऊन सोडले. आपण त्यांच्या नावानिशी शाबासकी छापलीत.

काल सकाळी बातमी वाचून आम्ही संध्याकाळी माळ्यावर गेलो. जुन्या पितळी हंड्यामागे, गोणपाटाच्या चिंध्यांत तीन पिल्ले होती. त्यांपैकी एक गार पडले होते. उरलेली दोन, मुठीत मावतील एवढी, तोंडे उघडून आमच्या बोटांच्या उबेकडे सरकत होती. ती रात्रीच वनविभागाच्या कर्मचाऱ्याच्या स्वाधीन केली. त्या गृहस्थांनी आपला स्वेटर काढून त्यांत ती गुंडाळली, ही मात्र नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. आपल्या पानावर तिला जागा होईल का, पाहावे.

महोदय, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली उदमांजर संरक्षित आहे आणि परवानगीवाचून त्याला पकडणे, हलवणे हा गुन्हा आहे. पण मला कायद्याचा किस काढायचा नाही. माझे गाऱ्हाणे एवढेच, की पिंजरा घेऊन धावणारा आपल्याला वन्यजीवप्रेमी वाटतो आणि दोन वर्षे गप्प बसून पाहणारे आपल्या खिजगणतीत नसतात. सिरपूरच्या तलावावर पद्मश्री भालू मोंढे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किती वर्षे पक्षी मोजले, गाळ-कचऱ्याशी आणि कागदपत्रांशी झुंज घेतली, तेव्हा कुठे २०२२ मध्ये तो तलाव जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. पक्षी निदान दिवसा उडतात आणि छायाचित्रात देखणे येतात. रात्री वावरणाऱ्या प्राण्यांना असे भाग्य नाही. २०२२ च्या गणनेतला राज्यातल्या ७८५ वाघांचा आकडा आपल्या वाचकांना पाठ झाला आहे, कुनोतल्या प्रत्येक चित्त्याचे बारसे आपण साजरे करता. पण देशातल्या सस्तन प्राण्यांच्या सुमारे सव्वाचारशे जातींपैकी सव्वाशेहून अधिक जाती एकट्या वटवाघळांच्या आहेत आणि त्यांचा उल्लेख आपल्याकडे फक्त साथ आली की होतो. फळे खाणारी वटवाघळे तर याच कायद्याने एका परिशिष्टात उंदरांच्या पंगतीत, उपद्रवी म्हणून बसवली होती. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्ट निघाले, त्याची दोन ओळींची बातमीही माझ्या पाहण्यात आली नाही.

आता ओघाने आलेच आहे, म्हणून भाषेविषयी. इंदुरात आमची चौथी पिढी आहे आणि हिंदीशी आमचे काहीही वाकडे नाही, पण मराठी दैनिकात 'लकडबग्घा', 'सियार', 'नेवला' कशासाठी? तरस, कोल्हा, मुंगूस हे शब्द आमच्या आज्यांना येत होते, तेव्हा शब्दकोशाचीही गरज पडू नये. गेल्या हिवाळ्यात आपण 'लोमडी'चा 'लांडगा' केलात. ते बिचारे खोकड होते, मांजरापेक्षा थोडे मोठे. पण बातमीनंतर सिमरोळच्या बाजूला लोक आठवडाभर काठ्या घेऊन हिंडत होते. प्राण्याचे नाव चुकले की त्याच्या जिवावर बेततेच, मुद्रणदोष म्हणून ते सोडून देता येत नाही.

तेव्हा विनंती अशी, की तिसऱ्या पानावर, तेवढ्याच टायपात, 'ते उदमांजर होते, ते प्रेते खात नाही आणि त्याची पिल्ले माळ्यावर होती' अशी दुरुस्ती छापावी. नोंदवही पाहायची असल्यास वार्ताहरांनी रविवारी सकाळी यावे. चहा मिळेल, गाळणी नवी आहे.

कळावे,
आपला,
एक जुना वर्गणीदार
रामबाग, इंदूर

ता. क. वटवाघळांवरील माझे मागचे पत्र आपण कापून चार ओळींचे केलेत आणि वर 'वटवाघळांपासून सावधान' असा मथळा दिलात. हे पत्र छापायचे असेल तर पूर्ण छापावे, नाहीतर परत पाठवावे. सोबत तिकीट लावलेले पाकीट जोडले आहे.