सिझेरियनच्या जखमेवर घरीही लक्ष हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात साधारण चारपैकी एक प्रसूती सिझेरियनने होते. बाळंतीण आठवड्याभरात घरी जाते आणि जखमेतील जंतुसंसर्ग बहुतेकदा त्यानंतरच डोके वर काढतो. म्हणूनच अशा संसर्गाची नोंद करताना शस्त्रक्रियेनंतरचे ३० दिवस धरले जातात, पण त्यातील बराचसा काळ ती रुग्णालयाच्या नजरेआड असते.

प्रसूती विभागात नोकरी करताना पू झालेली, टाके उसवलेली जखम घेऊन परत आलेल्या अनेक स्त्रिया मी पाहिल्या. ओटीपोटावरचा आडवा छेद पोटाच्या घडीखाली जातो, त्यामुळे मान वाकवूनही तो तिचा तिला दिसत नाही. तिथे घाम साचतो, वरून पोट घट्ट बांधलेले असते, आणि शेक-शेगडीमुळे अंग तापले आहे की खरोखर ताप आहे, हे घरच्यांनाही उमगत नाही. ‘दुखतंय’ म्हटले, तर ‘टाके ओढत असतील’ एवढ्यावर तिची बोळवण होते.

याच अडचणीवर आफ्रिकेतील रवांडा देशाच्या पूर्वेकडील किरेहे जिल्ह्यात काम झाले आहे. तेथे गावातील आरोग्य स्वयंसेविकांनी शस्त्रक्रियेनंतर दहाव्या दिवसाच्या सुमारास घरी जाऊन ठराविक प्रश्न विचारावेत, मोबाइलवर जखमेचा फोटो घ्यावा आणि संसर्गाची शंका आल्यास स्त्रीला उपचारासाठी पाठवावे, अशी पद्धत आजमावण्यात आली. फोटोवरून संसर्ग ओळखणारी संगणकीय प्रणाली तेथील स्त्रियांच्याच फोटोंवर तयार केली गेली, ही बाब मला विशेष महत्त्वाची वाटते. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, त्यामुळे गोऱ्या त्वचेवर शिकलेली प्रणाली आपल्याकडे जशीच्या तशी लावणे धोक्याचे ठरेल. संसर्ग झालेला भाग अधिक उष्ण असतो, म्हणून मोबाइलला जोडता येणारा उष्णतामापक कॅमेराही तेथे तपासून पाहण्यात आला.

आपल्याकडे यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील कामातून घरच्या घरी नवजात बालकाच्या काळजीची पद्धत देशभर गेली, आणि आज आशाताई ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी घरी जातात. त्या भेटींचा भर स्वाभाविकपणे बाळावर असतो. सातव्या आणि चौदाव्या दिवशी आईची जखमही पाहावी, पट्टी नीट ठेवावी, भरपूर उजेडात फोटो घ्यावा आणि ताप, पू, दुर्गंधी, वाढती वेदना यांची विचारपूस करावी, एवढी भर त्यात घालता येईल.

मात्र फोटो पाठवला आणि पलीकडे पाहणारे कोणी नसेल, तर तो न काढलेलाच बरा, कारण फोटो गेला म्हणजे काळजी मिटली असे समजून घरचे निर्धास्त होतात. त्याच दिवशी उत्तर देणारा डॉक्टर नेमलेला हवा, आणि गरज पडल्यास वाहनही हवे. पहिलटकरीण बहुधा माहेरी जाते व तिथल्या आशाताईंच्या यादीत तिचे नाव नसते. म्हणून रुग्णालयातून सुट्टी देतानाच ती कुठे राहणार, हे विचारून त्या गावाला कळवले पाहिजे.

ओटीपोटाचा फोटो ही फार खाजगी गोष्ट आहे. त्या स्त्रीची संमती घेतल्याशिवाय तो काढणे, आशाताईंच्या स्वतःच्या मोबाइलवर राहू देणे किंवा व्हॉट्सॲपच्या गटात टाकणे सर्वस्वी चूक ठरेल. या कामासाठी वेगळा, कुलूपबंद साठवण असलेला मोबाइल आणि वाढीव मोबदला शासनाने द्यावा. आधीच नोंदवह्यांच्या ओझ्याखाली असलेल्या आशाताईंवर हे काम फुकट लादू नये.

सार्वजनिक आरोग्य विभागाने एखाद्या जिल्ह्यात याची सुरुवात करावी आणि किती स्त्रियांना वेळेत उपचार मिळाले, याचा हिशेब जाहीर करावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त अधिपरिचारिका, सातारा