आयर्लंडच्या कॉर्क शहरातल्या ताईंना, ईस्टर झाल्यावर

ताई,

लेकीच्या शाळेला आयर्लंडच्या ईस्टरवर चार ओळी हव्या होत्या, आणि आमची मजल चॉकलेटच्या अंड्यापर्यंतच. रात्रपाळी करून आलेल्या तुम्ही झोप बाजूला ठेवून आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसलात. तोंडावर आभार मानले तर ‘चल गं’ म्हणून उडवून लावाल, म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

तुम्ही वसईच्या ख्रिस्ती, तेव्हा ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ नि चर्चमधली मिस्सा ही प्रार्थना तुमच्या घरचीच. पण वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांच्या उशाशी बसून तुम्ही जे इथलं ऐकून ठेवलंत, ते आम्हाला कोण सांगणार होतं? जुन्या काळी उपवासात मांसाबरोबर दूध, लोणी, अंडीही वर्ज्य. कोंबड्या काही उपास धरत नाहीत! साठलेल्या अंड्यांचा मग ईस्टरला फडशा. पोरं घरोघर अंडी मागायची, शेताच्या कडेला जाळ करून तिथंच खायची. त्या मेजवानीचं नाव ‘क्लूडोग’. हे ऐकल्यापासून लेक दुकानातल्या चॉकलेटच्या अंड्यांकडे जरा तुच्छतेनेच बघते. कांद्याच्या सालींत उकडून तुम्ही तिला रंगवून दिलेली अंडी मात्र तिनं कुणाला फोडू दिली नाहीत.

गुड फ्रायडेला खिळा ठोकायचा नाही, रक्त सांडायचं नाही, पण चार बिया मात्र पेरायच्या, हेही तुमच्याकडूनच कळलं. त्या दिवशी पब बंद ठेवणारा १९२७चा नियम २०१८मध्ये उठला, ते तुमच्या एका आजोबांना अजून रुचलेलं नाही म्हणे. दारू सोडलेल्या माणसाला एवढा राग कशाचा, देव जाणे.

मला सगळ्यात आवडली ती हेरिंग माशाची धिंड. उपवासकाळात लोक मासे खाणार, म्हणजे खाटकांचा धंदा बसलेला. उपास सुटायची वेळ आली की ते काठीला हेरिंग बांधून, तिला झोडपत गावाबाहेर न्यायचे, पाण्यात फेकून द्यायचे आणि फिती लावलेलं कोकराचं मांस मिरवत परत यायचे. बिचाऱ्या माशावर सगळा सूड! कॉर्कच्याच नॅथॅनियल ग्रोगनने हा प्रसंग रंगवलाय आणि ते चित्र आपल्याच गावच्या क्रॉफर्ड कलादालनाच्या संग्रहात आहे, हे तुम्ही सांगेपर्यंत आम्हाला पत्ताही नव्हता.

शनिवारी रात्री चर्चच्या अंगणात शेकोटी पेटली, तिच्यावरून मोठी मेणबत्ती, आणि तिच्यावरून अंधारात एकेकाच्या हातातली. आम्ही हिंदू, कुठं उभं राहायचं तेही ठाऊक नाही. तुम्ही न बोलता आम्हाला शेजारी सरकवून घेतलंत. त्याबद्दल वेगळे आभार.

एक राहिलंच. ईस्टरच्या पहाटे सूर्य आनंदाने नाचतो आणि तो पाण्यातल्या प्रतिबिंबात बघायचा, असं तुम्ही लेकीला सांगून ठेवलंत. तिनं पाचला उठून परात भरली. ढग! आता ती विचारतेय, सोमवारी नाचतो का? आजोबांना विचारून कळवा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची