वॉर्डात शिकणाऱ्या मुलींना भीतीतून सोडवा : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सादर नमस्कार.

मी पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. वेगवेगळ्या नर्सिंग कॉलेजांच्या मुली आणि मुलं आमच्याकडे पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डात काम करत शिकायला, येतात, कुणी बी.एस्सी. नर्सिंगची, कुणी जी.एन.एम. या नर्सिंग पदविकेची. सोबत कॉलेजच्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टर, म्हणजे वॉर्डात शिकवणाऱ्या शिक्षिका असतात. त्यातल्या बऱ्याच जणी जीव ओतून शिकवतात. पण काही जणींचं वागणं बघून मला गप्प बसवत नाही, म्हणून हे पत्र.

सकाळी आठला ओव्हर झाली, म्हणजे रात्रीच्या सिस्टरने पेशंटची माहिती सोपवली, की मुली पेशंट वाटून घेतात. कुणी टी.पी.आर. (ताप, नाडी, श्वास) घेतं, कुणी बेड करतं, कुणी ड्रेसिंगची ट्रॉली लावतं. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलीचा हात थरथरणारच. बी.पी. एकदा चुकलं तर मॅडमनी दंडावरचा पट्टा कुठे बांधायचा ते पुन्हा दाखवावं, एवढीच अपेक्षा. त्याऐवजी पेशंट आणि नातेवाईक ऐकत असताना, "तुला कुणी घेतलं नर्सिंगला? घरी जाऊन भांडी घास," असं मी कानांनी ऐकलं आहे. नांदेडची, धाराशिवची, नंदुरबारची मुलगी असेल तर तिच्या बोलीची नक्कल होते. इंग्रजीत केस प्रेझेंट करताना अडखळली की "गावाला परत जा" हे ठरलेलं. नंतर तीच मुलगी त्याच पेशंटचं सलाईन बदलायला जाते तेव्हा आजी म्हणतात, "दुसऱ्या सिस्टरला पाठव गं." मुलगी ट्रे घेऊन उलट्या पावली परत येते.

हा केवळ मुलींच्या मन दुखण्याचा प्रश्न आहे असं कुणाला वाटत असेल, तर माझ्या वॉर्डात घडलेली एक गोष्ट सांगते.

इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं. एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट असलेलं आणि १०० युनिट असलेलं. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. ४० च्या सिरिंजला लाल टोपण, १०० च्या सिरिंजला केशरी. एका काकांच्या नातेवाइकांनी मेडिकलमधून १०० ची बाटली आणली होती आणि ट्रेमध्ये लाल टोपणाची सिरिंज होती. डोस १६ युनिटचा. लाल सिरिंजवर १६ पर्यंत भरलं असतं तर पेशंटच्या अंगात ४० युनिट गेली असती. साखर इतकी खाली आली असती की झोपेतच माणूस बेशुद्ध पडावा. इंजेक्शन द्यायला आलेल्या विद्यार्थिनीला शंका आली होती. ती बाटलीवरचं लेबल पुन्हा पुन्हा वाचत होती. पण आदल्या दिवशी एक प्रश्न विचारला म्हणून तिला सगळ्या ग्रुपसमोर "मूर्ख" म्हटलं गेलं होतं, त्यामुळे शेजारीच उभ्या असलेल्या मॅडमना विचारायचं धाडस तिला होईना. तिने सिरिंज भरायला घेतली. मी राउंडवर होते, लाल टोपण दिसलं आणि मी तिचा हात धरला. नंतर साठवणीच्या खोलीत ती एवढंच म्हणाली, "ताई, मला कळलं होतं. विचारलं असतं तर परत ओरडल्या असत्या."

योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पहिल्या वर्षापासून पाठ करून घेतलं जातं. त्यातली प्रत्येक गोष्ट शंका विचारण्यावर उभी आहे. ज्या मुलीला शंका विचारायची भीती बसली, तिच्या हातात औषध द्यायला मला भीती वाटते.

कडक शिक्षकांबद्दल माझी तक्रार नाही. आम्हाला एक सिस्टर ट्यूटर होत्या, त्यांच्या सावलीलाही आम्ही घाबरायचो. हात न धुता पेशंटला शिवलं तर त्या परत बेसिनपर्यंत पाठवायच्या, दहा वेळा झालं तरी. पण काय चुकलं ते त्या बाजूला घेऊन सांगायच्या, स्वतः करून दाखवायच्या आणि दुसऱ्या दिवशी तेच काम पुन्हा आपल्याकडून करून घ्यायच्या. चार जणांत आई-बाप, गाव, जात काढणं म्हणजे कडकपणा नव्हे.

या मुली तक्रार का करत नाहीत? कारण त्यांची मान एकाच हातात असते. कोणती कामं केली याची नोंद असलेल्या लॉगबुकवर, प्रोसिजर बुकवर आणि पेशंटच्या केअर प्लॅनवर सही त्याच मॅडमची. इंटर्नलचे मार्क त्यांच्याच पेनातून. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे पदवी मिळण्याआधी प्रॅक्टिकलची हजेरी १०० टक्के भरावी लागते. नियम चांगलाच आहे, त्याशिवाय हात बसत नाही. पण त्याचाच धाक घातला जातो. "तुझी पोस्टिंग रिपीट करायला लावीन" हे वाक्य मी किती जणींच्या तोंडून ऐकलं असेल. एका मुलीच्या लॉगबुकवर महिना उलटला तरी सही झाली नव्हती. कॅथेटरायझेशन (लघवीची नळी घालणं) तिने माझ्यासमोर केलं होतं, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) टाकली होती. मी पेशंटच्या फाईलमधली नोंद दाखवायला तयार होते, तर वॉर्डच्या सिस्टरची साक्ष कॉलेजला चालत नाही असं उत्तर आलं. मुलीच्या बापाने शैक्षणिक कर्ज काढलेलं. ती रडून गप्प बसली.

रॅगिंगविरुद्ध आपल्या राज्याने १९९९ मध्ये कायदा केला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आहे. दोन्हींचे फलक कॉलेजच्या भिंतीवर असतात. पण शिक्षिका रोज अपमान करते, सही अडवते, यासाठी मुलीने कुठला फलक वाचायचा? कॉलेजची तक्रार समिती असते, हे मलाही माहीत आहे. तिच्यात बहुधा त्याच मॅडमच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मॅडम असतात. हॉस्टेलच्या वॉर्डनपर्यंत बातमी संध्याकाळच्या आत पोचते.

इन्स्ट्रक्टरची बाजूही मी बघते. नियमाप्रमाणे दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. मी मात्र दोन वॉर्डांत पांगलेला ग्रुप सांभाळत धावणारी एकटी मॅडम बघते. तिची नोकरी कंत्राटी, दुपारी कॉलेजात जाऊन पुन्हा लेक्चर, इन्स्पेक्शन आलं की फायली. तिला वॉर्डात कसं शिकवायचं हे कुणी नीट शिकवलेलंच नसतं. तिच्यावर जसं ओरडलं गेलं तसंच ती ओरडते. म्हणून नुसत्या शिक्षेने हे सुटणार नाही, आपण कॉलेजांना मंजूर पदं भरायला लावली पाहिजेत.

साहेब, पुण्याला हे सांगावं लागावं याचं मला फार वाईट वाटतं. नर्सचं काम घरंदाज बायकांनी करू नये असं समाज म्हणत होता, तेव्हा रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये इथे सेवासदन उभं केलं आणि विधवा, परित्यक्ता बायकांना परिचारिकेचं शिक्षण घेण्यासाठी पुढे आणलं. बाहेरच्या लोकांची हेटाळणी त्या बायकांनी सोसली, ती शिकून उभं राहण्यासाठी. आजच्या मुलीला हेटाळणी शिकवणाऱ्याकडूनच मिळते.

आपल्या हातात बरंच आहे. बी.एस्सी. नर्सिंग नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे, जी.एन.एम.च्या परीक्षा राज्याच्या शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाकडे. या दोन्हीकडे कॉलेजच्या बाहेर तक्रार ऐकणारी यंत्रणा उभी करा आणि त्यात वॉर्डात काम करणारी एक तरी अनुभवी सिस्टर असू द्या. तक्रार झाल्या दिवसापासून चौकशी संपेपर्यंत त्या मुलीचं मूल्यमापन दुसऱ्या शिक्षिकेकडे जावं, ग्रुप बदलावा आणि हजेरीला धक्का लागू नये. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सहीची. प्रोसिजर झाली की सात दिवसांत सही किंवा नाकारण्याचं लेखी कारण, यातलं एक मिळालंच पाहिजे, आणि वॉर्डच्या इन्चार्जची सहीसुद्धा ग्राह्य धरावी. बी.एस्सी.च्या सुधारित अभ्यासक्रमात ओ.एस.सी.ई. आली आहे, म्हणजे पायरीपायरीने चेकलिस्ट लावून तपासणी. तीच चेकलिस्ट रोजच्या पोस्टिंगलाही वापरली तर कुणाच्या मर्जीवर मार्क राहणार नाहीत.

२०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका (नर्सिंग आणि मिडवाइफरी) आयोगाचा कायदा मंजूर केला आहे, त्यात राज्य आयोगाची तरतूद आहे. महाराष्ट्राचा आयोग काम करील तेव्हा शिक्षकांच्या आचारसंहितेत विद्यार्थ्याचा जाहीर अपमान हा ठळकपणे दोष म्हणून लिहिला जावा, अशी माझी विनंती आहे.

हे सगळं होईपर्यंत माझ्या वॉर्डात येणाऱ्या मुलींना मी जे सांगते ते इथेही लिहिते, कारण हे पत्र त्यांच्याही वाचनात येईल. घडलं त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा : तारीख, शिफ्ट, बोललेले नेमके शब्द, कोण हजर होतं. पेशंटचं नाव लिहू नका. "मॅडम, माझं काय चुकलं आणि कसं सुधारू?" हे शांतपणे, शक्य असेल तर लेखी विचारा. एकटीने जाऊ नका, दोघी-तिघींनी मिळून आधी क्लास कोऑर्डिनेटर आणि मग प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्या, आणि पोचीवर शिक्का घ्या. घरी सांगा. आणि औषधाबद्दल शंका असेल तर कुणी कितीही ओरडो, हात थांबवा आणि वॉर्डच्या सिस्टरला हाक मारा. आम्ही येऊ.

महोदय, या विषयावर आपण बैठक बोलावलीत तर प्राचार्य आणि संस्थाचालकांबरोबर वॉर्डातल्या सिस्टर आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही बोलवा. बैठक पुण्यात, दुपारी तीननंतर ठेवलीत तर मॉर्निंग ड्युटी संपवून आम्ही येऊ शकू. लॉगबुकं आणि फाईलमधल्या नोंदी कशा जुळतात, किंवा जुळत नाहीत, हे मी प्रत्यक्ष दाखवायला तयार आहे.

आपली विश्वासू,
पुण्यातील एक इन्चार्ज सिस्टर